नंदूच्या पानाला कुलूप

४ जानेवारी

स्पीच थेरपीच्या अपूर्वा मॅडम म्हणाल्या, रोज कुठले शब्द आले ते लिहून ठेवा. म्हणून ही वही.

आजचे शब्द: "पुढे चला." दिवसभर तेच. पाणी हवं तरी "पुढे चला", उशी सरळ करायची तरी "पुढे चला". नंदू बेस्टच्या बसवर कंडक्टर होता, जन्मभर जे ओरडला तेवढंच उरलं. मॅडम म्हणतात स्ट्रोकनंतर असं होतं. सवयीचं बोलणं वाचतं, हवा तो शब्द सापडत नाही. समजतं मात्र सगळं.

मी लग्नाआधीपासून त्याला नंदूच म्हणते. सासूबाईंना आवडायचं नाही. वहीतही नंदूच लिहिणार.

अक्षतानं हैदराबादहून बापासाठी एक पान बनवून दिलंय. आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. चित्र येतं, खाली माईकचं बटण. ते दाबून चित्राचं नाव बोलायचं, मग आपलं बोलणं आपल्याला ऐकू येतं. बरोबर असेल तर मी टिक करायची, नाहीतर फुली. अशी तयार अ‍ॅपं मिळतात, पण त्यातला आवाज कुठल्या तरी कंपनीकडे जातो म्हणे. नंदूचं तुटकं बोलणं घराबाहेर जायला नको, असं मीच म्हटलं होतं.

लॅपटॉपवर मी बोलून बघितलं, पान झकास चालतं. पण त्याची बॅटरी गेलेली, टीव्हीखालच्या प्लगला कायमचा बांधलेला. नंदूला तिथल्या खुर्चीत बसवत नाही, उजवी बाजू कलते. म्हणून टॅब आणला, मांडीवर घेऊन डाव्या हातानं दाबता येईल. टॅबवर चित्रं आली, माईकचं बटण मात्र करडं. दाबलं तरी ढिम्म. नंदू दाबत राहिला. मग टॅब बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून पडला. जेवायलाही वळेना.

६ जानेवारी

संध्याकाळी अक्षताला फोन लावला. म्हटलं, तुझ्या पानाची वाट लागलीय.

ती म्हणाली, "आई, लॅपटॉपवर पान त्याच्या स्वतःच्याच घरात आहे, म्हणून तिथला ब्राउझर विश्वास ठेवतो. टॅबकडे ते वायफायवरून येतं. वाटेत कोणी चोरून ऐकलं तर? म्हणून टॅब माईक देत नाही. पत्त्याला कुलूप लागायला हवं. एचटीटीपीएस."

"मग लाव ना कुलूप."

"तू लाव. मी फोनवर थांबते."

मी त्रेसष्ट वर्षांची. ही कॉम्प्युटर इंजिनीअर. राग आला, पण नंदू ऐकत होता, म्हणून गप्प बसले.

तिचा आवाज घुमत होता, रिकाम्या खोलीतून आल्यासारखा. विचारलं तर म्हणाली, पडदे धुवायला काढलेत. जावई, मुकुल, बाहेर गेला होता.

९ जानेवारी

कुलूप लावायचं तर आधी पत्त्याला एक नाव हवं, जगात दुसऱ्या कोणाचं नसलेलं. आपल्या नावानं नोंदवायचं, फोनच्या डिरेक्टरीत नोंदवतात तसं. अक्षतानं विचारलं, काय नाव घेऊ या? मी म्हटलं, नंदूघर. तिकडचा टाइप करायचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "छान आहे, मिळतंय."

नंदूला सांगितलं, तुझ्या नावाचं घर झालं. त्यानं एक भुवई वर केली. ही भुवई अजून त्याचीच आहे.

शब्द: "पुढे चला." आंघोळीच्या वेळी एकदा "अगं".

११ जानेवारी

आज डोक्यात प्रकाश पडला.

लॅपटॉपवर आता एक दुसरा प्रोग्राम टाकायचाय, रिव्हर्स प्रॉक्सी. तीन दिवस अक्षता समजावतेय आणि मी हो हो करतेय. आज ती कंटाळून म्हणाली, "आई, तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काय करायचीस?"

"बोर्डावर बसायचे. बाहेरचा कॉल आला की घ्यायचा, कोण हवंय विचारायचं आणि आतल्या एक्स्टेन्शनला जोडून द्यायचा."

"मग हा तोच आहे. बाबांचं पान आतलं एक्स्टेन्शन. टॅब त्याला थेट फोन करत नाही, ऑपरेटरला करतो. ऑपरेटरच्या गळ्यात ओळखपत्र असतं. ते बघून टॅब म्हणतो, ठीक आहे, इथे बोलायला हरकत नाही. मग ऑपरेटर आत जोडून देतो."

अरे देवा. हे आधी सांगायचं ना!

मग तिनं सांगितलं तसं काळ्या खिडकीत टाइप केलं. एक कंस राहिला म्हणून सगळं अडलं. तो कंस मीच शोधला. ती तिकडे टाळ्या वाजवत होती. आम्ही दोघी अशा कधी हसलो होतो, आठवत नाही. फोन ठेवायची वेळ झाली तर म्हणाली, अजून काही डाऊट आहे का? नव्हता. तरी उगाच विचारत राहिली, आज भाजी काय केलीस, मसाला कुठला घातलास, समोरच्या जोशीकाकूंचा गुडघा कसा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या. कुरियर करायला पत्ता विचारला तर अक्षता म्हणाली ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी कोणी नसतं दिवसा. बरं.

मुकुलला शुभेच्छा द्यायला फोन केला, त्यानं उचलला नाही. आजकालच्या मुलांना सणाचं काही नसतं.

संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवला. अक्षता नंदूशी बोलत होती, बाबा तिळगूळ खाल्लात का, गोड बोला. तेवढंच. नंदूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती बोलायची थांबली तरी त्याचं चालूच. फोन हातात घेऊन तो कानाशी दाबून बसला, सोडेना. डॉक्टरांनी सांगितलंच आहे, या आजारात कारण नसताना रडू येतं.

१७ जानेवारी

ओळखपत्र मिळत नाही.

ते सर्टिफिकेट देणारे लोक कुठे तरी लांब आहेत. आपण अर्ज केला की ते आपल्या नावावर उलटा फोन करून बघतात, खरंच इथे कोणी आहे का. तो फोन घरात येतच नाही. चार वेळा केलं. लाल अक्षरं.

१९ जानेवारी

शब्द नाहीत. नंदूनं टॅब ढकलला, तो चहाच्या कपावर पडला. टॅब वाचला. मी खूप बोलले. त्याला उत्तर देता येत नाही हे माहीत असून बोलले, किंबहुना म्हणूनच बोलले असेन. कधी वाटतं दार ओढून घ्यावं आणि चालत सुटावं, फिल्म सिटीच्या गेटपर्यंत, तिथून पुढे आरेच्या झाडीत. मागून कोणी हाक मारू नये. मग आठवतं, हाक मारायला त्याला येतच नाही.

जोशीकाकूंना हे सांगता येत नाही. अक्षताला तर नाहीच, ती आपल्या संसारात सुखी आहे. तिच्या डोक्याला कशाला.

२२ जानेवारी

प्रीतमला बोलावलं. इमारतीत इंटरनेट त्याचंच, आधी केबलही त्याचीच होती. आता केस पिकलेत, तरी जिने स्वतःच चढतो. त्यानं बघून सांगितलं, "वहिनी, तुमचा उलटा फोन येणार नाही. अख्ख्या बिल्डिंगला बाहेरून एकच नंबर आहे. आत कोणाकडे जोडायचं ते आमच्या मशीनला कळत नाही."

म्हणजे बोर्ड आहे आणि बोर्डावर कोणी बसलेलं नाही. आमच्या वेळी असं चाललं नसतं.

मग तो लॅपटॉप बंद करता करता म्हणाला, "पण तुम्ही कशाला त्रास घेताय? यात लांबून चालवायचं सॉफ्टवेअर आहे. हे बघा, चालू आहे. ताईंनीच टाकलेलं दिसतंय. त्या हैदराबादहून सगळं करू शकतात. चहा संपायच्या आत."

तो गेल्यावर लगेच फोन लावला.

"तुला तिथून करता येत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, आई."

"मग मला का राबवलंस? इथे बाबाची आंघोळ, जेवण, गोळ्या, त्यात हे तुझे कंस आणि टिंबं. आणि तू तिकडे बसून मजा बघत होतीस?"

"अक्षता, मी काय विचारतेय?"

"मी करून दिलं असतं तर तू फोन ठेवून दिला असतास."

"ठेवलाच असता. काम झाल्यावर फोन धरून कशाला बसायचं?"

"तेच," ती म्हणाली.

तेच म्हणजे काय? मी फोन ठेवला. आता लिहिताना पण कळत नाहीय. बापाला बोलता येत नाही आणि हिला आईची परीक्षा घ्यायचीय. नंदूकडून काही होत नाही म्हणून ही दोघांच्या वाटणीचं माझ्याकडूनच करून घेते.

नंदू माझ्याकडे रागानं बघत होता. हो, रागानंच. मी काय केलं?

२४ जानेवारी

तिचा फोन नाही. माझाही नाही. संध्याकाळी त्या वेळेला हात मोकळेच राहतात. दोनदा ओटा पुसला.

सकाळी तिचा लांबलचक मेसेज आला होता. दुसरी पद्धत लिहिलीय. ते लोक घरी फोन करणार नाहीत, डिरेक्टरीत बघतील. आपल्या नावापुढे त्यांनी दिलेला सांकेतिक शब्द लिहायचा. तो फक्त नावाच्या मालकालाच लिहिता येतो, म्हणून त्यांची खात्री पटते. डिरेक्टरीत लिहायची किल्ली ऑपरेटर प्रोग्रामला देऊन ठेवायची, म्हणजे तो स्वतःच लिहितो. आणि त्याच डिरेक्टरीत आपल्या घरातल्या लॅपटॉपचा आतला नंबर टाकायचा. बाहेरच्याला त्या नंबराचा काही उपयोग नाही, घरातल्या टॅबला बरोबर रस्ता सापडतो.

शेवटी लिहिलंय, "आई, हवं तर मी इथून करून टाकते. सांग. जेवलीस का? बाबा जेवले?"

मी लिहिलं, "मी करते."

२५ जानेवारी

कुलूप लागलं!

दुपारी नंदू झोपला होता. मेसेज समोर ठेवून एकेक ओळ केली. एके ठिकाणी टिंब जास्त पडलं होतं, ते काढलं. मग त्या काळ्या खिडकीत ओळी धावायला लागल्या, यावेळी लाल नव्हत्या. टॅबवर नंदूघर टाकलं, पत्त्यावर बोट ठेवून बघितलं तर कुलपाचं चित्र, शेजारी "सुरक्षित". पान उघडलं. माईकचं बटण हिरवं.

मी ओरडलेच. नंदू दचकून जागा झाला. टॅब त्याच्या मांडीवर ठेवला. "माईक वापरू का" असं टॅबनं विचारलं, मी "हो" दाबलं. नंदूनं डाव्या हातानं बटण दाबलं आणि बोलला, "पुढे चला."

मग तेच टॅबमधून ऐकू आलं.

तो बघतच राहिला. स्वतःचा आवाज त्यानं आजारानंतर पहिल्यांदाच असा बाहेरून ऐकला. मला भीती वाटली, आता फेकतो की काय. तर हसायला लागला. खांदे हलेपर्यंत. पुन्हा दाबलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा हसला. मीही हसले. मग मोरीत जाऊन थोडी रडून आले.

अक्षताला मेसेज केला, "झालं." तिनं नुसतं एक हृदय पाठवलं. मी फोन करायला हवा होता. केला नाही. का ते माहीत नाही. उद्या करीन.

२६ जानेवारी

खाली झेंडावंदन. मी गेले नाही, नंदूची शाळा चालू होती.

कपाचं चित्र आलं. बराच वेळ ओठ जुळवत होता. मग "चाय". स्पष्ट! टिक.

माशाच्या चित्राला "बांगडो". उत्तर "मासा" आहे. पण बांगडा मासाच असतो, मी टिक दिली. हे मालवणी तो फक्त आईशी बोलायचा, घरात आमच्याशी कधी नाही. आता तेच आधी येतंय.

अक्षताला फोन केला. मी कुलपाचं बोलले, ती बांगड्याला हसली. त्या दिवसाचं दोघींनीही काढलं नाही. तिनं विचारलं, "बाबांचं रेकॉर्डिंग मी इथून ऐकलं तर चालेल का? घराबाहेर जायला नको म्हणाली होतीस." मी म्हटलं, तू काय घराबाहेरची आहेस? हल्ली ही मधेच गप्प होते. नेटवर्क असेल.

२९ जानेवारी

शब्द: चाय, दार, बांगडो, आणि माझ्या फोटोला "नली". उत्तर माझं पूर्ण नाव आहे, आणि चाळीस वर्षांत मला नली म्हणाला नव्हता, पण फुली मारायला माझा हात होईना. टिक.

मग अक्षताचा फोटो आला. उत्तर "अक्षता". मॅडम म्हणाल्या होत्या, घरातल्यांची नावं कठीण जातात, घाई करू नका. मी थांबले. नंदूनं फोटोवर हात फिरवला. मग टॅब तोंडाजवळ घेऊन बोलला, "घराक ये."

मी म्हटलं, अरे, नाव सांग. ही कोण?

पुन्हा तेच. "बाय, घराक ये." पुढच्या चित्राला जाऊच देईना. माझा हात बाजूला सारला आणि बटण दाबून परत बोलला.

शब्द तीन (मुली, घरी ये), तिन्ही अगदी साफ. पण चित्राशी जुळत नाहीत. नियम म्हणजे नियम, फुली मारली. तरी मॅडमना सांगायला हवं, एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच आलं.

३१ जानेवारी

सकाळी दूध आलं असेल म्हणून दार उघडलं तर अक्षता. न सांगता. दोन मोठ्या बॅगा आणि एक पिशवी. पिशवीत कुकर.

"कुकर कशाला आणलास? आपल्याकडे तीन आहेत."

"असू दे गं."

वाळलीय. केस कसेतरी बांधलेले. मी म्हटलं, रजा किती दिवसांची? मुकुल नाही आला? म्हणाली, "आई, आधी बाबांना भेटू दे."

नंदूनं तिचं मनगट धरलं ते दुपारपर्यंत सोडलं नाही. जेवताना तिनं डाव्या हातानं खाल्लं, कारण उजवा त्याच्या हातात होता.

मी काही विचारलं नाही. विचारायचं होतं. कुकर कोण आणतं चार दिवसांसाठी?

२ फेब्रुवारी

मी स्वयंपाकघरात होते. डाळ लावलेली. बाहेर अक्षता नंदूजवळ जमिनीवर बसून हळू बोलत होती. आधी वाटलं शब्द घेतेय. मग मुकुलचं नाव ऐकलं आणि मी गॅस बंद केला. शिट्टी व्हायला नको म्हणून.

दिवाळीपासून ती दोघं वेगळी राहताहेत. भांडण नाही म्हणाली, मारहाण नाही, दुसरं कोणी नाही. "बाबा, बोलणंच संपलं आमचं. एका घरात दोघं, आणि मीठ दे एवढंही मेसेजवर." मग तिनं एक खोली घेतली. पडदेसुद्धा नाहीत त्या खोलीला. "ऑफिस सुटलं की कोणाचा आवाज नाही. आईला रोज काही ना काही अडायचं ना, तेवढा वेळ बरा जायचा. मी मुद्दाम अर्धंच सांगायचे, म्हणजे ती उद्या परत विचारेल."

मी ओट्याला धरून उभी राहिले. तेच, म्हणाली होती. तेच.

आणि मी तिला म्हटलं होतं, मजा बघतेस.

खाट सरकल्याचा आवाज आला. डोकावून बघितलं तर तो उजव्या बाजूचं सगळं वजन ओढत कडेला आला होता, आणि तिचं डोकं त्यानं आपल्या मांडीवर घेतलं होतं. तिच्या केसांवरून डावा हात, उलटासुलटा, जमेल तसा.

त्याला केव्हापासून कळलं होतं? संक्रांतीला तो फोन सोडत नव्हता तेव्हापासून? मी जवळ बसलेली, मी रोज बोलत होते, आणि मला पडदे धुवायला काढलेत हे खरं वाटलं.

संध्याकाळी तिच्याशेजारी बसून मटार सोलले. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्याकडे आधीच केवढं होतं, आई."

"मी पण तुला सांगितलं नाही काही," मी म्हटलं. आणि त्या एकोणीस तारखेचं सांगितलं, दार ओढून चालत सुटावंसं वाटलं ते. ते लिहिलं होतं, बोलले पहिल्यांदाच. तिनं मटार सोलणं थांबवलं नाही, फक्त माझ्याकडे सरकली. मग म्हणाली, "उद्या सकाळी तू जा चालायला. आरेपर्यंत जा. मी आहे."

३ फेब्रुवारी

गेले होते. फिल्म सिटीच्या गेटपर्यंतच गेले. परत येताना जास्वंद आणली.

९ फेब्रुवारी

शब्द आता वहीत मावत नाहीत. मॅडम खूश. अक्षता रोज नवी चित्रं घालते, उत्तरं सगळी मालवणीत. मी टिक देते, कधी कळत नाही तरी देते.

आज ती लॅपटॉपसमोर बसली होती. म्हणाली, "आई, सर्टिफिकेट एकदम नीट लागलंय. तीन महिन्यांची मुदत असते त्याची, पण त्याच्या आधीच आपोआप नवं होईल. तुला काही करावं लागणार नाही."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "आपोआप झालं नाही तर?"

"होतं गं."

"तू म्हणतेस. मला नाही बाई जमायचं एकटीला. नवं होईपर्यंत थांब तू."

ती माझ्याकडे बघायला लागली. "एप्रिलपर्यंत?"

"एप्रिलमध्ये नवं झालं, तरी नीट चालतंय का ते बघायला हवं. मग मे. मे महिन्यात घरात आंबे असताना कोण जातं?"

"आणि ऑफिस?"

"घरून करतात ना हल्ली? प्रीतमला सांगते, स्पीड वाढव."

"आई," ती म्हणाली, "तू एकटीनं लावलंयस ते सगळं. तुला माझी गरज नाहीय त्यात."

"कोण म्हणतं? माझं टिंब जास्त पडतं."

ती हसली. मग हसता हसता तोंड फिरवलं. मी भाकरी उलटली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग जूनमध्ये बघू."

"बघू," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर नंदूच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपली. शाळेत असताना झोपायची तशी, पालथी, एक हात डोक्याखाली. नंदूही झोपला. दुपारी जोशीकाकू यायच्या होत्या, लाँड्रीवाला यायचा होता. बेल वाजून दोघं उठायला नकोत, म्हणून मी दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी स्टूल घेऊन बसले.